ज्याचा हात रिकामा

पाळणाघरात शिरल्यावर उजव्या हाताला चपलांची फळी होती. फळीवर वेताची टोपली आणि टोपलीत तिथे काम करणाऱ्या सगळ्यांचे फोन. मुलांजवळ जाताना फोन अंगावर ठेवायचा नाही, हा पाळणाघर चालवणाऱ्या ताईंचा पहिला नियम. फोन वाजला की ज्याचा हात रिकामा असेल त्यानं तो उचलायचा, मग तो कुणाचा का असेना, हा दुसरा. पलीकडे एखाद्या बाळाची आई असली तर तिला ताटकळत ठेवायचं नाही, म्हणून सगळे फोन एकाच आकड्यानं उघडायचे. तिसरा नियम सगळ्यात कडक होता. दुसऱ्याचा फोन उचलला तर आधी आपण कोण ते सांगायचं, बाकीचं मग. "समोरच्याला कळलं पाहिजे आपण कुणाशी बोलतोय ते. उगीच अंधारात ठेवायचं नाही कुणाला," असं ताई नव्या बाईला पहिल्याच दिवशी सुनवायच्या.

नियम करणाऱ्या माणसांना आपल्या नियमांचं भारी कौतुक असतं. ताईंना जरा जास्तच होतं.

ताई संशयी आहेत, हे ताई सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारीण हसून बोलली तर हिला आता काय हवंय, आणि न हसता गेली तर हिच्या मनात काय आहे, असा त्यांचा दोन्हीकडून हिशेब. पाळणाघराला या स्वभावाचा फायदाच झाला. दार कधी उघडं राहिलं नाही, औषधाची बाटली कधी खालच्या फळीवर आली नाही, आणि आईबाप निर्धास्त असत. घरात मात्र याच स्वभावानं घात केला. एकुलती एक लेक अंघोळीला गेली की ताई तिचा फोन चाळायच्या. त्यांच्या मते ते आईचं कामच होतं. एकदा लेक टॉवेल विसरली म्हणून परत आली आणि आई रंगेहाथ सापडली. फार आरडाओरडा झाला नाही. लेक एवढंच म्हणाली, "माझ्यावर विश्वास नाही ना तुझा? मग बघूच नकोस." दुसऱ्या गावातली नोकरी धरून ती निघून गेली. जाताना आईला सगळीकडून अडवून गेली. फोन लागेना, निरोप पोचेना, फोटो दिसेनात. त्या गोष्टीला आता वर्ष होत आलं होतं. कुणी विचारलं तर ताई सांगत, "मजेत आहे. रोज बोलणं होतं."

तर अशा या ताईंकडे एक दिवस त्यांचा भाचा आला. लहानपणी त्यानं घरातला रेडिओ उघडला आणि तो पुन्हा कधी वाजला नाही. तेव्हापासून त्याला सगळे हुशार म्हणत. आता हा हुशार अशा कंपनीत होता, जी माणसाच्या फोनवरून माणूस ओळखून देते.

"आत्या, पलीकडच्या मोठ्या ऑफिसातली सगळी मुलं तुझ्याकडे यायला तयार आहेत. त्यांची एकच अट आहे. मुलं सांभाळणाऱ्यांचे स्वभाव आधी तपासून हवेत."

"स्वभाव? तो काय ताप आहे मोजायला?"

"मोजता येतो. माणूस फोनवर काय उघडतो, कशावर रेंगाळतो, काय लिहितो, काय पुसतो, ते यंत्र बघतं. नावं आणि चेहरे आम्हाला दिसत नाहीत, नुसतं वागणं दिसतं. माणूस खोटं बोलेल गं, त्याचं बोट खोटं बोलत नाही."

ताईंना हे बोलणं भलतंच आवडलं. जन्मभर त्या जे दाराआडून करत होत्या, ते आता राजरोस होणार होतं. टोपलीत फोन तीनच. एक ताईंचा, एक चिमणीचा आणि एक मावशींचा. चिमणी ही हाताखालची तरुण बाई. अखंड बोलायची म्हणून तिला चिमणी म्हणायचे. मावशी पाळणाघर उघडलं त्या दिवसापासूनच्या. त्यांना मागेपुढे कुणी नव्हतं. जे होतं ते इथे, गुडघ्याएवढ्या उंचीचं. दोघींनी मुकाट्यानं होकार दिला. हुशारनं फोनांत आपलं यंत्र बसवलं आणि मागच्या कित्येक महिन्यांचं वागणं उपसून नेलं.

आठवड्यानं अहवाल आले. ताईंचा सुरेख होता. मनमोकळी, समाधानी, लपवाछपवी नाही, विश्वास ठेवण्याजोगी. 'यंत्राला कळतं म्हणायचं,' ताई मनाशी म्हणाल्या. चिमणीचा ठीक होता. मावशींचा वाचताना मात्र त्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

'बाहेरून शांत, आतून बेचैन. एकाच व्यक्तीवर सतत पाळत ठेवते. लिहिते आणि न पाठवता पुसते. दुसऱ्याच्या आयुष्यात डोकावण्याची तीव्र ओढ. राग धरून ठेवते. स्वतःची चूक कबूल करण्याची शक्यता फार कमी. लहान मुलांसोबत एकटं ठेवताना विचार करावा.'

"मावशी? आमच्या मावशी?" ताई म्हणाल्या.

"शुक्रवारी मी ऑफिसला कळवणार आहे," हुशार म्हणाला. "त्या राहिल्या तर हे काम विसर. तू ठरव."

ताईंच्या मनात पाल चुकचुकली आणि मग ती काही गप्प बसेना. ज्या बाईला इतकी वर्षं डोळे मिटून बाळं सोपवली, तिच्याकडे त्या आता डोळे फाडून बघू लागल्या. आणि असं बघायला लागलं की काय दिसत नाही! आपण खोलीत गेलो की मावशींचं गुणगुणणं थांबतं. का थांबतं? दुपारी झोपायच्या खोलीचं दार त्या आतून ओढून घेतात. का ओढतात? बाळाला टोपडं घालताना त्याच्या कानात काहीतरी पुटपुटतात. काय पुटपुटतात? एरवी ताईंनी याला माया म्हटलं असतं. आता त्यांना त्यात कट दिसत होता.

आणि त्यांचा तो एप्रनचा खिसा. मावशी उठता बसता त्याला हात लावून बघायच्या. बुधवारी त्या हात धुवायला गेल्या आणि एप्रन खुंटीवर राहिला. ताईंनी इकडे तिकडे बघितलं आणि खिशात हात घातला. आत निळ्या दुलईचा मळका, चघळून चघळून कडक झालेला तुकडा निघाला.

"अहो, ते आपल्या कुरळ्याचं आहे," मागून मावशींचा आवाज आला. "त्याच्याशिवाय डोळा लागत नाही त्याचा. आईनं घरी फेकून दिलं, सवय मोडायची म्हणून. मी दुपारी हळूच देते."

"म्हणजे आईच्या नकळत?"

"हो."

"आणि माझ्याही?"

ताईंना हवा होता तो पुरावा मिळाला. निळ्या चिंधीवरून त्यांनी थेट स्वर्ग गाठला. जी बाई एवढीशी गोष्ट लपवते, ती काय काय लपवत असेल!

"मावशी, जरा विश्रांती घ्या. शुक्रवारी दुपारी या, मग बोलू."

मावशींनी एप्रनची घडी घातली, टोपलीतून फोन घेतला आणि चपला घालून गेल्या. का, कशासाठी, एक शब्द विचारला नाही. ताईंना तेही खुपलं. निरपराध माणूस निदान भांडला असता, असं त्यांना वाटलं.

गुरुवारी दुपारी मुलं झोपली. कुरळ्या झोपला नाही. तो दाराकडे तोंड करून रडत राहिला आणि चिमणीच्या खांद्यावर थकून निपचित पडला. घर शांत झालं, तशा ताई उठून टोपलीकडे गेल्या. पायांना सवयच होती. टोपलीत हात घातला आणि त्यांचं बोट वेतावर आपटलं. मावशींचा फोन नव्हता.

आता सांगायलाच हवं. ताईंना लेकीनं अडवलं होतं, मावशींना नव्हतं. म्हणून रोज दुपारी घर निजलं की ताई मावशींचा फोन घ्यायच्या. कुणी विचारलंच तर उद्या पाऊस आहे का बघतेय म्हणायच्या. लेकीनं केस कापले ते त्यांना तिथेच कळलं. खिडकीत नवी कुंडी आली तीही तिथेच दिसली. फोटोत लेकीच्या मागे भिंतीवर कुणाची सावली पडली होती, ती कुणाची असेल यावर त्यांनी आठवडा काढला. शेवटी 'कशी आहेस' असं लिहायच्या आणि पुसायच्या. हे सगळं इतकं अंगवळणी पडलं होतं, की आपण काही करतो असंच त्यांना वाटत नसे. श्वास घेतल्याची कोण आठवण ठेवतं?

त्या दुपारी त्या टोपलीपाशी नुसत्या उभ्या राहिल्या. लेकीला एक दिवस बघितलं नाही तर दुपार सरत नाही, हे त्यांना नव्यानंच कळत होतं. त्याचा रागही त्यांनी मावशींवरच काढला. फोन घेऊन जायची काय गरज होती? असा काय ठेवा आहे त्यात?

शुक्रवारी मावशी आल्या. चपला काढल्या, सवयीनं फोन टोपलीत टाकला आणि बाकावर टेकल्या. हुशार लॅपटॉप उघडून बसला होता. आतून एक बाळ कुरकुरलं तसं मावशींनी जाऊन त्याला उचलून आणलं आणि मांडीवर घेतलं. त्यांना नको म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

"मावशी, हे तुम्हाला वाचून दाखवणं भाग आहे," हुशार म्हणाला आणि त्यानं अहवाल वाचला. मावशी बाळाला थोपटत ऐकत होत्या. चेहरा हलला नाही.

"यावर तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझं काही म्हणणं नाही."

"बघ," ताई उसळून म्हणाल्या. "मिठाची गुळणी धरलीय. अहो, कुणावर पाळत ठेवता तुम्ही? सांगा ना!"

मावशींनी ताईंकडे बघितलं. फार वेळ बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

"तपशील पण आहेत," हुशार म्हणाला. "यंत्र म्हणतं, कुणीतरी तरुण मुलगी आहे. तिचे फोटो बोटांनी मोठे करून बघितलेत, त्यातही मागची भिंत जास्त. तिला लिहिलंय आणि पुसलंय. आणि वेळ ठरलेली आहे. रोज दुपारी, मुलं झोपली की."

रोज दुपारी. त्या वेळी मावशींचा एक हात एका बाळाच्या पाठीवर असतो आणि दुसरा दुसऱ्याच्या. त्या उठूच शकत नाहीत, उठल्या तर दोन्ही जागी होतात. चिमणी बाटल्या धूत असते. त्या वेळी या घरात एकाच बाईचे हात रिकामे असतात.

ताईंना अहवाल पुन्हा ऐकू येऊ लागला. आतून बेचैन. राग धरून ठेवते. चूक कबूल करण्याची शक्यता फार कमी. वाक्यं आता उलट्या दिशेनं येऊन एकेक करून अंगावर बसत होती. गप्प राहणं अगदी सोपं होतं. मावशी बोलणार नाहीत हे उघड दिसत होतं. काम मिळालं असतं, मान राहिला असता, आणि ही म्हातारी बाई आपली पिशवी उचलून निघून गेली असती.

"हुशार," त्या म्हणाल्या. आवाज फाटला म्हणून पुन्हा म्हणाल्या, "हुशार, तुझ्या यंत्रानं स्वभाव बरोबर ओळखलाय. माणूस चुकीचा धरलाय. ती मी आहे."

हुशारनं आधी आत्याकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे. "पण तुझा अहवाल तर..."

"माझा फोन स्वच्छच असणार ना! सगळा कचरा मी यांच्या फोनात टाकत होते. जा, त्या ऑफिसला सांग मावशी कुठेही जाणार नाहीत. मुलं पाठवायची तर पाठवा, नाहीतर राहू दे."

हुशारनं लॅपटॉप मिटला. ताई मावशींसमोर खाली बसल्या. "तुम्हाला माहीत होतं. मग का नाही बोललात?"

"भाच्यासमोर काय सांगायचं, ताई? तुमची लेक रोज बोलते म्हणून तुम्हीच सांगितलंय सगळ्यांना." मावशी बाळाचं तोंड पुसत म्हणाल्या. "तिलाही माहीत आहे. तिनंच मला विचारलं होतं. मावशी, रोज दुपारी तुम्ही मला काहीतरी लिहिताय असं दिसतं, आणि येत काहीच नाही. मी म्हटलं, असेल बाई. ती समजायचं ते समजली आणि बरं म्हणाली. मला काही तिनं अडवलं नाही."

ताईंचे डोळे भरले. आणि स्वभाव बघा, त्या भरल्या डोळ्यांतही ठिणगी पेटलीच. म्हणजे या दोघी बोलतात! माझ्या पाठीमागे माझ्याबद्दल बोलतात! काय बोलत असतील?

तेवढ्यात टोपलीतला फोन वाजला. मावशींच्या मांडीवर बाळ होतं. चिमणी आत कुरळ्याचे कपडे बदलत होती. ताई उठल्या. पडद्यावर लेकीचं नाव होतं. त्यांनी फोन उचलून कानाला लावला.

"मावशी," लेक घाईघाईनं म्हणाली, "आई बरी आहे ना? दोन दिवस दुपारी काहीच दिसलं नाही. ती आजारी वगैरे नाही ना? तिला सांगू नका मी विचारलं म्हणून, पण खरं सांगू का मावशी, मला ना..."

लेक थांबली. शब्द शोधत होती. ताईंनी श्वास रोखला. आई ऐकत नाहीये असं वाटताना लेक काय बोलते, ते ऐकण्यासाठी त्यांनी आयुष्य घालवलं होतं. नुसतं गप्प उभं राहिलं असतं तरी सगळं कानात पडलं असतं.

"थांब," त्या म्हणाल्या. "मावशी नाही. मी आई बोलतेय."