गुलाबी कड्याचा ब्रश

पुंजानानांचे दात कधी किडले नाहीत, ते झिजले. आणि झिजवले कोणी, तर स्वतः नानांनीच. सातपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर म्हणून कानस चालवलेला हात तो, दातांवर ब्रशही तसाच चालवायचा. महिन्याभरात ब्रशचे केस चारी बाजूंना विस्कटायचे, हिरड्यांतून रक्त यायचं आणि नाना समाधानानं म्हणायचे, "आता कुठं साफ झालं!" शेवटी सून मोहिनी त्यांना गंगापूर रोडवरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी तोंडात आरसा घालून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आजोबा, दात घासायचेत हो, लोखंड नाही," असं म्हणून त्यांनी चिठ्ठीवर गोळ्यांऐवजी इलेक्ट्रिक ब्रश लिहून दिला.

"दात घासायला मोटर?" नाना घरी येईपर्यंत कुरकुरत होते. "उद्या घास चावायलाबी एक आणा. मी नुसता आ करून बसतो."

पहिल्या सकाळी त्यांनी ब्रश तोंडात घालायच्या आधीच बटण दाबलं. पेस्टचे शिंतोडे आरशावर, चष्म्यावर, बनियनवर! नात आरोही पोट धरधरून हसली. पण चार दिवसांत म्हातारा त्या यंत्रावर खूश झाला. तोंडानं कबूल करील तर शपथ. दर अर्ध्या मिनिटाला ते जरासं अडखळायचं, म्हणजे आता दुसरी बाजू घ्या. जास्त दाबलं की लाल दिवा लावायचं. इतकं शिस्तीचं यंत्र फिटर माणसाला न आवडून सांगतंय कोणाला!

खोक्यात मूठ एकच होती, पण तिच्यावर बसवायची डोकी दोन. एकाच्या बुडाशी निळं कडं, एकाच्या गुलाबी. "एका मुठीवर नवराबायको दोघांचं भागतं, नाना," मोहिनी बोलून गेली आणि लगेच तिनं जीभ चावली. नानांच्या बायकोला, पुतळाबाईला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. निळं नानांनी स्वतःला घेतलं आणि गुलाबी स्टँडच्या खुंटीवर कोरं करकरीत राहू दिलं.

नवव्या दिवशी ते ओलं सापडलं.

नाना रोज पावणेसहाला फिरायला बाहेर पडायचे आणि साडेसातला परत यायचे. येऊन, दात घासायच्या आधी हातपाय धुताना सहज नजर गेली, तर गुलाबी डोक्याचे केस ओले होते. त्यांचं स्वतःचं निळं मात्र कोरडं खडखडीत. नानांना वाटलं, आरोहीचा चाळा असेल. पोरीनं साफ नाकारलं. मोहिनी म्हणाली, "नाना, माझा ब्रश आमच्या बाथरूममध्ये. तुमच्याकडे कशाला येऊ मी?" मुलगा अमित तेव्हा सातपूरला पहिल्या पाळीला गेलेला. संध्याकाळी त्याला विचारलं तर तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "नळाचं पाणी उडालं असेल, नाना."

दुसऱ्या दिवशी पुन्हा ओलं. तिसऱ्या दिवशीही.

इथं एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण नाना ती आपणहून कोणाला सांगणार नाहीत. पुतळाबाई तोंडाच्या कॅन्सरनं गेली. घोटीकडच्या गावातली बाई ती; लहानपणापासून मिसरी लावायची. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड बोटावर घेऊन सकाळ-संध्याकाळ दातांवरून फिरवल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. दुखणं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. अमित ढसाढसा रडत म्हणाला होता, "आईनं सांगितलं का नाही आपल्याला?" आणि नाना सगळ्यांसमोर म्हणाले होते, "कोणालाच नाय सांगितलं रे तिनं. मलाबी नाय."

खोटं. साफ खोटं! तिनं सांगितलं होतं. आठ महिने आधी, दिवाळीच्या फराळाचं भाजणं चाललेलं असताना ती गॅलरीत त्यांच्याजवळ आली होती. "आवो, बघा ना जरा. गालात काय झालंय, तिखट लागलं की जाळ होतो." उजेडाकडे तोंड करून तिनं आ केला आणि नानांनी पाहिलं. आतल्या बाजूला रुपयाएवढा पांढरा चट्टा, कडेनं लालभडक. कारखान्यातल्या दोघांना त्यांनी असंच जाताना पाहिलं होतं. आणि या माणसानं काय केलं? घाबरला. घाबरला आणि म्हणाला, "काय नाय, उष्णता हाय. जेष्ठमध चघळ." तिचा नवऱ्यावर विश्वास. तिनं आठ महिने ज्येष्ठमध चघळला.

दहाव्याला गोदाकाठी पिंडाला कावळा शिवेना. सगळ्यांनी हात जोडून नाही नाही ती वचनं दिली. अमितचं बघू, आरोहीला शिकवू, गावच्या देवीला जाऊ. कावळे भिंतीवर बसून राहिले. नानांना पक्कं ठाऊक होतं की ती कशासाठी अडलीय. फक्त तोंड उघडून "मी पाहिलं होतं" एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी नुसते हात जोडले. भटजींनी शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी जेवायला उठली.

तेव्हा आता तुम्हीच सांगा, त्या माणसाला रोज सकाळी ओला ब्रश दिसला तर त्यानं काय समजावं?

नानांची झोप उडाली. फिरायला जायचे, पण जॉगिंग ट्रॅकवर पाय ओढत दोन फेऱ्या मारून बाकावर बसायचे. घरी येताना जिन्यातच पुटपुटायला लागायचे. आज कोरडा असू दे, आज कोरडा असू दे. तो ओलाच असायचा. एकदा त्यांनी डोकं हातात घेऊन चष्म्याजवळ धरलं, तर पांढऱ्या केसांच्या मुळाशी तपकिरी-लाल डाग दिसला. मिसरीच! त्यांनी ते नळाखाली धरून खसाखसा धुतलं आणि धुताना स्वतःशीच पुटपुटले, "पुतळे, असा छळ नको मांडूस गं. उभं राहून शिव्या घाल, पण असा छळ नको."

घरातल्यांच्या लक्षात येत होतं. मोहिनी दोनदा म्हणाली, "नाना, जेवत नाही तुम्ही नीट." जेवत कोण होतं नीट त्या घरात! अमितनं कधीचा ठेचा सोडला होता. ॲसिडिटी आहे म्हणून भाजीत वाटीभर दही ओतायचा, भाकरी दुधात कुस्करून चमच्यानं खायचा. रविवारी पाणीपुरीच्या गाडीवर त्यानं पुरी फोडून तुकडे तुकडे तोंडात टाकले, तेव्हा आरोही ओरडली होती, "पप्पा, तोंड उघडा ना मोठं! चिमणीसारखं काय खाताय?" सगळे हसले होते, नानासुद्धा. पण त्यांचं लक्ष होतं कुठं? ते गेलेल्या माणसाकडे डोळे लावून बसले होते, जितं माणूस समोर बसून जेवतंय ते त्यांना दिसत नव्हतं.

आणि मग त्या गुरुवारी कळस झाला. नाना फिरून आले, बाथरूमचा दिवा लावला, तर गुलाबी डोकं खुंटीवर नव्हतंच. ते मुठीवर चढवलेलं होतं. निळं काढून बाजूला ठेवलेलं. नाना तिथंच स्टुलावर बसले. बऱ्याच वेळानं ते त्या ब्रशला म्हणाले, "सांगतो. अमितला सांगतो. तुझ्या शपथेनं सांगतो."

सांगायचं ठरवणं वेगळं आणि सांगणं वेगळं. संध्याकाळी अमित घरी आला, चहा प्याला, आरोहीचा गृहपाठ घेतला. नाना तीनदा त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि तीनदा मागं फिरले. बाप म्हणून त्या घरात त्यांना जो मान होता, तो या एका वाक्यानं जाणार होता. मुलगा पुन्हा तोंडाकडे बघेल का? म्हाताऱ्याला दुसरीकडे कुठं जागा होती? तेव्हा मनाला पळवाट सुचली. आधी खात्री करू. उद्या फिरायला जायचंच नाही. ती आली आणि दिसली, तर तिच्यासमोरच माफी मागू. जित्या माणसापेक्षा मेलेल्याची माफी मागणं सोपं, एवढं त्या क्षणी त्यांना नक्की वाटलं.

शुक्रवारी त्यांनी बूट घातले, दार मुद्दाम जोरात ओढलं आणि आतच राहून, बूट हातात घेऊन, गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीमागं जाऊन उभे राहिले. स्वयंपाकघरात मोहिनीचा मिक्सर चालू होता. बाहेर नुकतं फटफटत होतं. दहा मिनिटं गेली असतील. मिक्सर थांबला आणि त्यांच्या बाथरूममधून आवाज आला.

घुर्रर्र. अर्धं मिनिट. अडखळ. पुन्हा घुर्रर्र.

भिंतीला धरून, अनवाणी, एकेक पाऊल टाकत नाना तिकडे गेले. दार लोटलेलं होतं, आतला दिवा बंद. त्यांनी बोटानं दार ढकललं. अंधारात आरशासमोर कोणीतरी वाकून उभं होतं.

"पुतळे?" नाना म्हणाले.

ते माणूस दचकून वळलं. नानांनी दिव्याचं बटण दाबलं. अमित होता. डाव्या हाताच्या दोन बोटांनी त्यानं स्वतःचा जबडा ताणून धरला होता. त्या इवल्याशा फटीतून ते गुलाबी कड्याचं लहानसं गोल डोकं कसंबसं आत गेलेलं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बेसिनमध्ये लालसर तपकिरी फेस होता.

ब्रश तसाच फिरत होता.

"आ कर," नाना म्हणाले.

"काही नाही, नाना. उष्णता आहे. साधा ब्रश जात नाही तोंडात, हा जातो, म्हणून…"

"अमित, आ कर!"

अमितनं तोंड उघडलं. उघडलं म्हणजे काय, दोन बोटंही धड मावली नसती. नानांनी त्याची हनुवटी धरून दिव्याकडे वळवली. गाल आतून पांढराफटक पडलेला, दोरीसारख्या ताठ शिरा आलेल्या, आणि डाव्या कोपऱ्यात एक चट्टा. कडेनं लाल.

"गुटख्याची पुडी तू सोडली होतीस ना?"

"सोडलीच नव्हती," अमित खाली बघत म्हणाला. "मोहिनीला बोलू नका. चट्टा लहान आहे हो. बरा होईल. पुढच्या महिन्यात जाईन डॉक्टरकडे."

नानांना ते पुढचे महिने दिसले. एकेक महिना दिसला. त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि ओढतच बाहेर आणलं, स्वयंपाकघराच्या दारात. मोहिनी डबा भरता भरता थांबली.

"पोरी, ऐक तूबी," नाना म्हणाले. "तुझ्या सासूनं मला सांगितलं होतं. आठ महिने आधी. मला आ करून दाखवलं होतं, आणि मी पाहिलं होतं. असाच चट्टा होता, याच्या गालात हाय तसाच. मी भ्यालो. म्हटलं, काय नाय, उष्णता हाय. मी मारलं तिला. आणि तुमच्याशी खोटं बोललो. रोज हा ब्रश ओला दिसायचा, मला वाटायचं तीच येते, माझा सूड घ्यायला येते. ती माझ्यासाठी नव्हती येत रे, तुझ्यासाठी येत होती. आज मी तसंच गप बसलो, तर तुलाबी मीच मारलं. आत्ता चल. या पावली चल."

मोहिनीच्या हातातला डबा ओट्यावर आपटला. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. अमितचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्यानं मनगट हिसडून सोडवलं.

"आठ महिने?" तो म्हणाला. "मी सव्वा वर्ष तिला दोष देतोय, नाना. मनात तिच्यावर चिडतोय, की का नाही बोललीस. आणि तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात?"

"हो," नाना म्हणाले.

"तुमच्याबरोबर मी कुठंही येणार नाही." तो बुटात पाय खुपसत होता. "मोहिनी, चल. चल लवकर."

दोघं गेले. दार उघडंच राहिलं. आरोहीला उठवायचं, दूध द्यायचं, शाळेच्या बसपर्यंत सोडायचं हे सगळं नानांनी केलं. मग ते हॉलमध्ये फोन मांडीवर घेऊन बसले. दुपारचा एक वाजून गेला तरी जागचे हलले नाहीत. मुलगा तुटला हे त्यांना कळलं होतं आणि त्यात तक्रारीला जागा नव्हती.

दीडच्या सुमाराला मोहिनीचा फोन आला. मागं दवाखान्याचा गलका होता.

"नाना, तुकडा काढून तपासायला पाठवलाय. चार दिवसांनी कळेल. पण मोठे डॉक्टर म्हणाले, चट्टा अजून वरवरचा वाटतो, वेळेत आलात. पुडी आजपासून बंद. तोंड उघडायचे व्यायाम दिलेत."

नानांना हुंदका आवरेना. "तो… तो काय म्हणाला?"

मोहिनी फोन घेऊन गलक्यातून जरा बाजूला गेली.

"तुमच्याबद्दल काही नाही बोलले. डॉक्टरांनी विचारलं, एवढं लवकर कोणाच्या लक्षात आलं? बहुतेक लोक फार उशिरा येतात." तिचाही आवाज भरून आला. "तर हे म्हणाले, आईच्या."

"बरोबर सांगितलं त्यानं," नाना म्हणाले, आणि कितीतरी वेळ फोन तसाच कानाला धरून रडत राहिले.