बुजवलेली भोकं

मी भिंत बोलतेय. या नाट्यगृहाची मागची भिंत, शेवटच्या रांगेच्या पाठीशी उभी असलेली. भिंतीला कान असतात म्हणतात. मला तर नऊशे होते.

मला बांधणारा म्हातारा गवंडी दर तिसऱ्या विटेशेजारी बोटभर भोक सोडायचा आणि त्यामागे लोकर कोंबायचा. नकाशा काढणाऱ्या बाईंनी तसं बजावलंच होतं. "आवाज इथवर आला की इथंच मुरला पाहिजे," त्या म्हणायच्या. "मागे फिरला की खेळ संपला." दिसायला मी देवीचे वण असल्यासारखी होते, पण तीस वर्षं रंगमंचावरचा शब्द न् शब्द मी पोटात घेतला. तिथे कुणी नुसतं कुजबुजलं, तरी शेवटच्या रांगेतली माणसं डोळे पुसायची.

मग देखण्या नाट्यगृहांचं एक मोठं पुस्तक निघायचं ठरलं. आमचे अध्यक्ष छायाचित्रकाराला घेऊन आले. जिना, कमानी, घुमट बघून तो हरखून गेला. माझ्यापाशी मात्र त्याने नाक मुरडलं.

"ही भोकं फोटोत फार वाईट दिसतील हो."

"उद्याच बुजवून घेतो," अध्यक्ष म्हणाले.

दारावर तिकिटं फाडणारे काका पुढे आले. "साहेब, ती मुद्दाम ठेवलीत. आवाजासाठी."

"काका, तुम्ही आपली तिकिटं फाडा. आणि फोटोच्या वेळी जरा बाजूला व्हा."

दोन दिवसांत भोकांत लांबी भरून, वर रंग फासून मला गुळगुळीत केलं. खोटं कशाला बोलू, मीही मनातून सुखावले होते. फोटोत एकही माणूस नव्हता. सगळ्यांनी वाहवा केली.

पहिल्याच प्रयोगाला घात झाला. मुलगा गेल्याचं कळल्यावर आई बोलते, तो प्रवेश होता. त्या नटीचं प्रत्येक वाक्य मी तिच्याच तोंडावर परत फेकत होते. ती अडखळली, थांबली. लोक हसले. इतकी वर्षं जिला सांभाळलं, तिचं हसं मीच केलं. चेहऱ्यावरचा रंगही न पुसता ती निघाली. "काका, इथे पुन्हा नाही हो," एवढंच दाराशी म्हणाली. मग एकेक करत सगळ्याच नाटक मंडळींनी पाठ फिरवली.

आता इथे नाटक होत नाही. लोक इमारत बघायला येतात. माहिती सांगणारी मुलगी त्यांना रंगमंचावर उभं करते आणि म्हणते, "टाळी वाजवून बघा, कसला छान घुमतो आवाज!" सगळे हौसेने टाळ्या वाजवतात. काका तेवढा वेळ बाहेर जाऊन थांबतात.

माझी कीव करू नका. कुणाकडे छिन्नी असेल तर घेऊन या. तेही जमणार नसेल, तर निदान टाळ्या तरी वाजवू नका. त्या माझ्यावर आपटून जिथे परत जातात, तिथेच ती नटी उभी होती.