लॉंड्रीच्या गच्चीवरची धाकटी

माझ्या बायकोने क्रौंचाची पिल्लं वाढवली ती पांढरा झगा घालून आणि तोंडाला कुलूप लावून. माणसाला सरावलेला पक्षी रानात टिकत नाही, म्हणून पिल्लांनी झग्यालाच आई समजावं आणि त्यांच्यासमोर चकार शब्द काढायचा नाही, असा तिच्या पक्षिकेंद्राचा दंडक. तिथलं उरलेलं बोलणं ती घरी घेऊन येई.

वसंतात त्या पिल्लांचा थवा उत्तरेला निघाला. पायाला बांधलेल्या यंत्रांचा माग काढत आम्ही गाडीतून मागोमाग. गाडी मी चालवायची, बाकी सगळं तिने, म्हणजे घरच्यासारखंच.

एका शहराबाहेरच्या तळ्यावर थवा मुक्कामाला उतरला. यंत्राच्या पडद्यावर एकच ठिपका मात्र भरवस्तीत दिसत होता. सगळ्यांत लहान पिल्लाचा, धाकटीचा.

ती सापडली लॉंड्रीच्या गच्चीवर. दोरीवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या आणि ही त्यांना बिलगून उभी.

"कालपासून हलत नाहीये," लॉंड्रीवाला म्हणाला. "कुणाची म्हणायची ही?"

"हिची," मी बायकोकडे बोट दाखवलं.

केंद्राचा निरोप आधीच आला होता: थव्याबरोबर उडाली नाही, तर पकडून आणा. म्हणजे जन्मभर पिंजरा. आणि ऊन तापलं की थवा उडणार होता.

लॉंड्रीवाल्याने कुरकुरत चादरी काढल्या. धाकटी रिकाम्या दोरीजवळ उभीच. बायकोने पिशवीतून झगा काढला.

"झगा घालून तळ्यापर्यंत नेते. येईल माझ्या मागून."

"येईल की. आणि पुढच्या गावात लॉंड्री दिसली म्हणजे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. एरवी मी बरोबर बोललो की ती विषय बदलते. या वेळी तिने झगा माझ्या हातात कोंबला आणि तशीच, रोजच्या कपड्यांत, गच्चीवर गेली; मी जिन्याच्या दारात थांबलो.

"चालती हो! उड! बघतेस काय अशी? नीघ म्हणते ना!"

लॉंड्रीवाल्याचा ओला टॉवेल तिने असा काही फटकारला की मीही दोन पावलं मागे सरलो. धाकटी बिचकली, धडपडली, आणि उडाली.

तळ्यावरचा थवा घिरट्या घेत वर चढत होता. पडद्यावर एक ठिपका त्यात जाऊन मिसळला.

आम्ही पुन्हा गाडीत बसलो.

"तिच्याशी पहिल्यांदा बोलले," ती म्हणाली, "ते हे."

"पण ऐकलं तिने," मी म्हटलं. "आपल्याकडे कोण ऐकतं?"

ती हसली नाही. झग्याची घडी मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "जरा वेगात चालव. पुढे गेलेत ते."