दोघांकडून

दिव्याला सिकलसेल हा रक्ताचा आजार असल्याचं कळलं त्या दिवसापासून सुकरीच्या घरात एकच बोलणं चालायचं. "आमच्या घरी असलं काई नव्हतं. हे तुह्या माहेरचं रगत," सासू म्हणायची, आणि नवरा इतवारी गप्प राहायचा. डॉक्टरांनी त्यालाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. "मले का झालंय?" म्हणून तो गेलाच नाही. पोरगी हातपाय दुखून रडायला लागली की सुकरीला वाटायचं, आपणच हे तिला दिलं. सात वर्षं ती हेच मनात घेऊन होती.

दिव्या आता अहेरीजवळच्या आश्रमशाळेत नववीत होती. पालकसभेला दोघं गेली, तेव्हा विज्ञानाच्या हर्षा मॅडमनी मुलांनाच प्रयोग दाखवायला उभं केलं होतं. दिव्याच्या टेबलावर नुसता एक छापील कागद होता. तिने त्यावर शाळेचा टॅबलेट, मोठ्या मोबाइलसारखा, धरला आणि आईबाबांना जवळ बोलावलं. पडद्यात पाहिलं तर कागदावर एक बाई आणि एक माणूस उभे, बोटभर उंचीचे. दोघांच्याही छातीत दोन-दोन मणी. एक गोल, एक विळ्यासारखा वाकडा.

"हे मायबाप," दिव्या म्हणाली. "दोघंबी धडधाकट. लेकराले दोघांकडून एक-एक मणी भेटते. कोणता भेटन, ते कोणाच्या हातात नाई."

तिने बोट टेकवलं. मधे बाळ आलं, एक मणी गोल, एक वाकडा. परत टेकवलं, दोन्ही गोल. तिसऱ्यांदा दोन्ही वाकडे.

"ही मी," ती म्हणाली.

इतवारी वाकून बघत होता. "बापाचे दोन्ही गोल करून दाखव," तो म्हणाला.

दिव्याने बापाचे मणी बदलले आणि बोट टेकवत राहिली. दहा वेळा, वीस वेळा. कधी दोन्ही गोल, कधी एक वाकडा. दोन्ही वाकडे एकदाही आले नाहीत.

"हे बिघडलं का जी?" त्याने मॅडमना विचारलं.

"नाही, इतवारीभाऊ. दोघांकडून आल्याशिवाय हा आजार होतच नाही."

परतताना इतवारी बसस्टँडवर न जाता सरळ दवाखान्यात गेला आणि रक्त देऊन आला. सुकरी बाहेर बाकावर बसून होती.

आठवड्याने रक्ततपासणीचा कागद मिळाला. घरी सासू अंगणात चिंच फोडत होती. इतवारी तिच्यासमोर बसला.

"माय, अर्धं माह्याकडून गेलं. आता सुकरीले काई बोलू नको."

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, मग खाली बघून पुन्हा चिंच फोडू लागली. सुकरी चुलीपाशी गेली आणि बराच वेळ रडली. रडून झाल्यावर तिला सडकून भूक लागली.

रविवारी दिव्याचा फोन आला. गुडघे दुखत होते म्हणाली. एरवी हे ऐकलं की सुकरी रडत फोन इतवारीच्या हातात द्यायची. या वेळी तिने विचारलं, "गोळी घेतली का? पाणी पेत राह्यली का?"

"हो. आता कमी आहे."

"मग सांग, आज जेवाले का होतं?"