खोली ऐकू येतेय

एकतीस वर्षं त्यांनी स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या. कोणती गाडी कुठल्या फलाटावर येणार, कोणती रखडली, कोणती रद्द झाली, हे त्यांच्या तोंडून ऐकून शहरातल्या दोन पिढ्या धावल्या, थांबल्या आणि चडफडल्या. दुकानात नुसती साखर मागितली तरी शेजारचं माणूस चमकून वळायचं. गल्लीत त्यांचं नावच फलाटबाई पडलं होतं. पुढे घोषणा यंत्रातून व्हायला लागल्या आणि फलाटबाई घरी बसल्या.

घरात आता दोघंच. मुलगा नोकरीसाठी परगावी, मुलगी लग्न होऊन सासरी. नवरा प्लंबर. साठी उलटून गेली तरी त्यांच्या हातातला पाना काही सुटला नव्हता. सकाळी ते कामाला गेले की घर असं गप्प व्हायचं की फलाटबाईंना स्वतःचा श्वास ऐकू यायचा.

अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारी एक संस्था होती. फलाटबाईंनी जेवणाच्या टेबलावर फोन ठेवला, दहा पानं वाचली आणि पाठवून दिली. तिसऱ्या दिवशी संस्थेच्या संचालिकांचा फोन आला.

"आवाज फार छान आहे तुमचा. पण राग मानू नका, तुम्ही पुस्तक वाचताय की गाडी सोडताय?"

फलाटबाई हसल्या. "सवय हो. सुटेल ती."

"आणि दुसरं म्हणजे, तुमच्याबरोबर तुमची खोलीपण ऐकू येतेय. भांडी, पंखा, भिंतींवरून परत येणारा आवाज. मुलं सहा-सहा तास कानाला लावून बसतात. डोकं उठेल त्यांचं."

मग संचालिकांनी फोन ठेवता ठेवता सांगितलं, की कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या एका मुलीचं अडलंय. सहाशे चाळीस पानांचं पुस्तक, परीक्षेला तेरा आठवडे, आणि ते रूक्ष पुस्तक वाचायला कोणी धजत नाही.

"मला द्या," फलाटबाई म्हणाल्या.

"अहो, पण खोली..."

"खोली मी करते."

मुलाची खोली दहा बाय नऊ. मुलाची म्हणायची इतकंच. आत पाती नसलेला टेबलफॅन, रंगाचे वाळलेले डबे, चार बॅगा, वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आणलेली व्यायामाची सायकल. संध्याकाळी नवऱ्याने दारात पाऊल टाकलं तर अर्धी खोली बाहेर आलेली.

"अगं, मुलाची खोली आहे ती!"

"मुलगा वर्षातून चार दिवस येतो. उरलेले तीनशे एकसष्ट दिवस तुमची सायकल तिथे टॉवेल वाळवते."

"टाकू नकोस काही. लागतं कधीतरी."

"पाती नसलेला पंखा कधी लागतो, तेवढं सांगा."

ते तोंड फुगवून चहा प्यायला गेले. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "आई, माझे बूट तेवढे ठेव, बाकी तुझं तू बघ."

खोली रिकामी झाल्यावर फलाटबाईंनी मधोमध उभं राहून टाळी वाजवली. आवाज चारी भिंतींवरून टणटणत परत आला. मग त्यांनी घरातल्या यच्चयावत रजया काढल्या आणि भिंतींवर खिळ्यांनी टांगल्या. खिडकीत जुनी गादी घट्ट बसवली. खाली दोन सतरंज्या, एकावर एक. टेबलावर घोंगडी, म्हणजे पान उलटताना बोट आपटायला नको. दाराखालच्या फटीत गुंडाळलेली चादर. भिंतीवरचं घड्याळ बाहेर गेलं, करकरणारी खुर्ची गेली, हातातल्या बांगड्याही उतरल्या. रिकाम्या पोटी वाचलं की पोटच बोलतं, हेही लक्षात आलं, म्हणून आधी दोन घास खायचे. पंखा बंद, त्यामुळे मानेवर ओला रुमाल.

गाडी सोडायची सवय मात्र अशी जाईना. म्हणून रोज जेवताना त्या नवऱ्याला एक पान वाचून दाखवायच्या.

"लांबवलंस," ते घास थांबवून म्हणायचे. "माझ्याशी भांडतेस तसं वाच. तेव्हा कसं भराभर आणि स्पष्ट बोलतेस."

पंधरा दिवसांनी दुसरा नमुना गेला. संचालिका म्हणाल्या, "वाचन एकदम मोकळं झालंय. पण मागे एक गुणगुण आहे. बारीक, सतत."

फलाटबाईंनी फ्रिज बंद केला. दिवा बंद करून विजेरीवर वाचलं. शेजाऱ्यांच्या हातापाया पडून त्यांचं पाणी तापवायचं यंत्र तासभर बंद ठेवायला लावलं. गुणगुण तशीच. आठवडा त्यातच गेला. परीक्षेला दहा आठवडे उरले. त्या सतरंजीवर बसकण मारून बसल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एवढं सगळं केलं आणि एका माशीएवढ्या आवाजाने घालवलं. सांगते त्यांना, नाही जमत म्हणून."

नवरा दारात उभे होते. खोली झाल्यापासून त्यांनी आत पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी चपला काढल्या, आत आले आणि म्हणाले, "दे बघू ते कानाला लावायचं."

डोळे मिटून त्यांनी दोन मिनिटं ऐकलं. मग इतकंच म्हणाले, "हे विजेचं नाही. पाण्याचं आहे."

त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर आणला. रजई बाजूला सारून टोक भिंतीला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डॉक्टर छाती तपासतो तशी भिंत हात-हातभर तपासत निघाले. खिडकीजवळच्या कोपऱ्यात ते थांबले. "इथे ऐक." फलाटबाईंनी कान लावला. गुणगुण तिथे चांगली दणदणीत होती.

"गच्चीवरच्या टाकीचा पाइप. टाकी भरली तरी चावी पुरती मिटत नाही, बारीक धार चालूच राहते. शिवाय पाइप धरणाऱ्या पट्ट्या सैल झाल्यात, म्हणून पाइप भिंतीवर थरथरतोय. सगळ्या इमारतीत कोणाच्या लक्षात यायचं नाही हे. तुझ्या या खोलीत दुसरा आवाजच नाही, म्हणून सापडलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरलेलं काम पुढे ढकललं. सकाळी गच्चीवर जाऊन टाकीची चावी बदलली, खाली येताना पाइपाची एकेक पट्टी सोडवून मध्ये रबराचे तुकडे घातले आणि परत आवळली. दुपारी घामेजून खोलीच्या दारात आले.

"आता वाच."

फलाटबाईंनी एक पान वाचलं आणि दोघांनी मिळून ऐकलं. आवाजामागे काहीही नव्हतं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर असं तेज आलं, जणू पुस्तक त्यांनीच लिहिलंय.

मग वाचन सुरू झालं. सकाळी तीन तास, दुपारी दोन. प्रकरण पूर्ण झालं की लगेच पाठवायचं. कलमं, पोटकलमं, चार-चार ओळींची वाक्यं. कर्ता पहिल्या ओळीत आणि क्रियापद पार पुढच्या पानावर. घसा बसला तेव्हा दोन दिवस मौन पाळलं. नवरा म्हणाले, लग्नानंतर एवढी शांतता पहिल्यांदाच. एकदा ऐन रंगात आल्या असताना त्या "कलम क्रमांक सात"ऐवजी "फलाट क्रमांक सात" म्हणाल्या, दाराबाहेरून नवरा खदखदून हसले आणि ते हसूही ध्वनिमुद्रित झालं. सगळं पान पुन्हा वाचावं लागलं.

परीक्षेच्या सोळा दिवस आधी सहाशे चाळिसावं पान संपलं. फलाटबाई खोलीतून बाहेर आल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "झालं!" खालच्या मजल्यावरच्या बाईंनी काय झालं म्हणून विचारायला दार वाजवलं.

निकालानंतर ती मुलगी संचालिकांबरोबर घरी आली. पांढरी काठी, पाठीवर दप्तर, बोलणं अगदी धीट. ती त्या विषयात वर्गात दुसरी आली होती. फलाटबाईंनी "ये गं, बस," एवढंच म्हटलं आणि ती जागच्या जागी थांबली.

"तुम्हीच! मावशी, परीक्षेत प्रश्न वाचून दाखवला की उत्तर मला तुमच्याच आवाजात आठवायचं. आणि माझ्या वर्गातली डोळस मुलंसुद्धा तुमचं पुस्तक ऐकतात. म्हणतात, वाचून जे कळलं नाही ते ऐकून कळलं."

फलाटबाईंनी तिचा हात धरून तिला जवळ बसवलं. एकतीस वर्षांत त्यांचं बोलणं पुन्हा ऐकायला कोणी परत आलं नव्हतं.

"पुढच्या वर्षाची तीन पुस्तकं आहेत," मुलगी म्हणाली.

"शिवाय आणखी दोन वाचक तयार आहेत," संचालिका चाचरत म्हणाल्या, "पण त्यांच्याकडे अशी शांत जागा नाही."

फलाटबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते कधीच उठून मुलीच्या खोलीत गेले होते. आतून मोजपट्टी सरकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ त्यांचा.

"अगं, ही जरा मोठी आहे. रजया पुरायच्या नाहीत. आणि या भिंतीमागचा पाइप मी आधीच बघून ठेवलाय!"