आतून कडी

निदा इटलीला जाणार, हे मी पहिल्या दिवसापासून धरून चालले होते. निदाही धरून चालली होती. प्रश्न फक्त तिच्या अब्बांचा होता, आणि सही त्यांचीच लागणार होती.

झालं असं, की निदाच्या शाळेने अकरावीतल्या तीन मुलांना एका टर्मसाठी इटलीतल्या समुद्रकाठच्या एका लहानशा गावात शिकायला पाठवायचं ठरवलं. तिथल्या शाळेत शिकायचं, तिथल्याच एका घरात राहायचं, आणि पुढच्या टर्मला त्या घरातलं मूल इकडे बहरीनला आपल्या घरी येऊन राहणार. कश्मिरा, गौरव आणि आमची निदा अशी तीन नावं लागली. कश्मिराचे वडील पुण्याचे, बँकेत आहेत; त्यांनी त्याच संध्याकाळी शाळेच्या संमतीपत्रावर सही करून टाकली. गौरवच्या आईने तर जाड मोजे आणून बॅगेत भरलेसुद्धा. आमच्याकडे मात्र तो कागद फ्रिजच्या दारावर लटकत राहिला. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची; रविवारी शाळेत दिला नाही, तर निदाच्या जागी दुसरी मुलगी जाणार होती.

शाहिद, म्हणजे निदाचे अब्बा आणि माझा नवरा, वाईट माणूस नाही. मुहर्रकला विमानतळावर कार्गोत सुपरवायझर आहेत. कुठल्या कुठल्या देशांचे खोके त्यांच्या हाताखालून बिनघोर जातात. पण स्वतःची मुलगी जायची म्हटली की हातपाय गळतात. नाही असं ते कधी म्हणत नाहीत, 'इंशाल्ला' म्हणतात. मी हा शब्द फार मानते, पण शाहिदच्या तोंडून तो त्या विशिष्ट सुरात आला, की समजावं, फाईल ढिगाच्या तळाला गेली.

त्यांच्या स्वभावाचा एकच मासला सांगते. गेल्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर निदा खोलीचं दार आतून लावून कश्मिराशी फोनवर गप्पा मारत बसते, हे त्यांच्या लक्षात आलं. ओरडले नाहीत. स्क्रूड्रायव्हर आणला, दाराची कडी काढली आणि ड्यूटीवर निघून गेले. परत आल्यावर मी कडकडून भांडले. म्हटलं, "पोरगी मोठी झाली, तिला कपडे बदलायला दार नको?" तर म्हणाले, "घरात परका कोन हाय?" तेव्हापासून निदा दाराला आतून खुर्ची लावून ठेवते. दारावर स्क्रूची भोकं आणि कडीच्या आकाराचा फिकट डाग तेवढा राहिला आहे.

तर गुरुवारी जेवताना निदाने विषय काढला. ती बोलते इंग्रजीत, मी आपल्या भाषेत सांगते. ती म्हणाली, "अब्बा, दोनच दिवस राहिलेत. काय अडचण आहे ते तरी सांगा."

"घर कोणी बघितलंय काय?" शाहिद म्हणाले. "आपल्यात घर बघितल्याशिवाय पोरगी देत नाय."

"मी शिकायला चाललेय. लग्न करून नाही चालले."

"म्हनून काय झालं? राहायचं घरातच ना?"

मी याचीच वाट बघत होते. मीही कच्च्या गुरूची चेली नाही. शाहिदचे थोरले भाऊ हाशिमभाई मालवाहू जहाजावर आहेत, आणि त्यांचं जहाज या आठवड्यात इटलीत जिनोवाला लागलंय, हे मी जावेला फोन करून आधीच काढून ठेवलं होतं. ते गाव तिथून आगगाडीने जवळ. म्हटलं, "मग हाशिमभाईंना धाडा बघायला. घरातलाच माणूस, वर तुमच्याहून मोठा."

शाहिदचा घास हातातच राहिला. सबब त्यांनीच दिली होती, आता मागे फिरणार कसे? मुकाट्याने फोन लावला आणि भावाला काय काय बघायचं ते सांगू लागले. "भाई, सगळ्यात पहिलं, पोरीच्या खोलीच्या दाराला आतून कडी हाय का ते बघ. नुसती बघू नको, लावून बघ. मग घरात बाप्ये कोन कोन हायत, न्हानीघर कुठं हाय, खायला काय शिजतंय..."

निदाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या ताटात सुरमईची आणखी एक तुकडी वाढली. बोलायची एक वेळ असते, आणि ती अजून आलेली नव्हती.

शुक्रवारी जुम्याची नमाज पढून शाहिद घरी आले, आम्ही जेवलो, आणि ताटं उचलायच्या आत हाशिमभाईंचा व्हिडिओ कॉल आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस चापून बसवलेले, हातात मिठाईचा खोका. आमच्या लग्नाआधी माझ्या माहेरी श्रीवर्धनला मला बघायला आले होते, तेव्हाही अगदी असेच आले होते.

त्यांच्या मागे एक उजेडाचं स्वयंपाकघर दिसत होतं. निदा जिच्याकडे राहणार, ती जूलिया तिथे उभी राहून जोरजोरात हात हलवत होती. दोघी पोरी महिनाभर एकमेकींना मेसेज करत होत्या, त्यामुळे चाचा येणार हे तिकडे आधीच कळलेलं होतं. जूलियाची आई एलेना आपल्या मांदेलीसारखे बारीक मासे पिठात घोळवून तळत होती. हाशिमभाईंनी तोंडातला घास गिळला आणि म्हणाले, "मीठ कमी हाय. बाकी बरा हाय."

"भाई, कडी," शाहिद म्हणाले.

हाशिमभाई आम्हाला खोली दाखवायला घेऊन गेले. एक पलंग, एक टेबल, खिडकीत समुद्र. त्यांनी दार बंद केलं, कडी सरकवली, दार ओढून पाहिलं, खांद्याने धक्का देऊन पाहिलं. बाहेर उभ्या असलेल्या जूलियाला ओरडून सांगितलं, तूही ढकल. दार हललं नाही. मग त्यांनी न्हानीघर दाखवलं. घरात पुरुष एकच, जूलियाचे वडील पाओलो, होड्या दुरुस्त करतात. डुकराचं मांस तव्याला लागणार नाही, म्हणून एलेनाने निदासाठी नवा तवा आणून ठेवला होता. त्यावरचं दुकानाचं लेबल अजून तसंच होतं. मला त्या बाईला तिथल्या तिथे मिठी मारावीशी वाटली.

"घर बरा हाय, शाहिद," हाशिमभाई म्हणाले. "खलास. सही कर."

"इंशाल्ला," शाहिद म्हणाले. त्याच सुरात. निदाचं तोंड एवढंसं झालं, आणि मला असा राग आला, की म्हटलं आता याक्षणी बोलावं.

पण तेवढ्यात तिकडे फोन दुसऱ्याच्या हातात गेला. रुंद चेहऱ्याचा, पिकल्या मिशांचा माणूस पडद्यावर आला. हेच पाओलो. ते इटालियनमध्ये बोलत होते आणि जूलिया बाजूला उभी राहून त्याचं इंग्रजी करत होती. तिचा चेहरा पाहून माझ्या लक्षात आलं, की तिकडेही कुठलातरी कागद कुठल्यातरी फ्रिजवर लटकतो आहे.

"बाबा म्हणतात, तुमच्या भावाने आमचं घर पाहिलं. फार चांगलं केलं. पण जानेवारीत मी तुमच्याकडे येणार आहे. तुमचं घर आमच्यापैकी कोणी पाहिलं?"

शाहिद ताठ बसले. मुलीचा बाप म्हणून ते इतका वेळ खुर्चीत रेलून होते. आपणही कुणाच्या तरी मुलीला घरात घेणार आहोत, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. "आमचं घर सभ्य आहे," ते इंग्रजीत म्हणाले.

"बाबा म्हणतात, आमचंही आहे. दाखवा."

आता काय करतात! फोन हातात घेऊन उठले. हॉल दाखवला. धुतलेल्या कपड्यांची टोपली पायाने सोफ्यामागे ढकलली, ती पाओलोंना दिसलीच असणार. स्वयंपाकघर दाखवलं, माझी ओळख करून दिली. घरात पुरुष मी एकटाच, हे न विचारता सांगितलं. पाओलोंनी विचारलं, खिडकीतून समुद्र दिसत नाही का? "गच्चीवरून दिसतो," शाहिद म्हणाले, जरा लागल्यासारखे. पाच मिनिटांपूर्वी परीक्षा घेणारा माणूस आता घाम पुसत होता. मला हसू येत होतं, पण मी पदराआड दाबलं.

"आता जूलियाची खोली."

जूलिया निदाच्याच खोलीत राहणार होती. शाहिदनी दार उघडून पलंग दाखवला, कपाट दाखवलं, नवा एसी तर दोनदा दाखवला. मग पाओलो काहीतरी बोलले. जूलिया हळू म्हणाली, "बाबा म्हणतात, तुमच्या भावाने सगळ्यात आधी आमची कडी पाहिली. तुमची दाखवा."

 शाहिदनी फोन दाराकडे वळवला, आणि परत स्वतःकडे घेतला. पण तेवढ्यात पाओलोंना दिसायचं ते दिसलं होतं. भोकं, डाग, दारामागची खुर्ची.

"ती... रिपेअरला..." शाहिदनी सुरुवात केली. मग त्यांची नजर निदाकडे गेली. ती भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. ती त्यांना वाचवायला काही बोलली नाही, आणि फाडून खायलाही काही बोलली नाही. शाहिदनी वाक्य सोडून दिलं.

"मीच काढली," ते म्हणाले. "आत ती काय करते ते मला कळावं म्हणून."

जूलियाने ते तिकडे सांगितलं. पाओलोंनी मिशीवरून हात फिरवला. त्यांनी काही टाकून बोलायच्या आधी हाशिमभाईच मागून कडाडले. "शाहिद, मला एवढ्या लांब कडी बघायला धाडलंस, आनि तुज्या दारावर नाय? मी त्यांच्या घरात खांद्यानं दार ढकलतंय, आनि तू..." पुढे ते गावाकडचं जे बोलले, ते जूलियाला कळलं नाही हे बरंच झालं.

मला बोलायचंच होतं. त्या कडीवरून सुनवायचं एक वाक्य मी वर्षभर जपून ठेवलं होतं. पण शाहिदचा चेहरा पाहिला आणि ठेवूनच दिलं. माझ्या माणसाची मला कीवही आली आणि अभिमानही वाटला. खोटं त्यांच्या जिभेवर आलेलं मी ऐकलं होतं, आणि त्यांनी ते गिळलेलंही पाहिलं होतं.

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. स्वयंपाकघरातल्या ओट्याखालून हत्यारांचा डबा काढला. कडी त्यात होतीच, जुन्या फडक्यात गुंडाळलेली. टाकून दिलेली नव्हती. दारापाशी गुडघे टेकून त्यांनी ती डागावर बरोबर बसवली आणि स्क्रू फिरवायला लागले. भोकं सैल झाली होती, स्क्रू नुसतेच गोल फिरत होते.

"बाबा म्हणतात, भोकात काडेपेटीची काडी घाला," फोनमधून जूलिया म्हणाली.

"माहीत आहे मला," शाहिद म्हणाले, आणि मला म्हणाले, "काडेपेटी दे गो."

त्यानंतर दोन बाप स्क्रूवर बोलले. लांब स्क्रू चांगला की जाड, समुद्राच्या हवेत लोखंड टिकतं की पितळ, मुहर्रकला गंज जास्त चढतो की तिकडे. जूलियाला स्क्रूसाठी इंग्रजी शब्द सुचेनात, तेव्हा पाओलो बोटांनीच दाखवू लागले. शेवटचा स्क्रू घट्ट बसला तेव्हा तिकडे हाशिमभाईंच्या हातात कॉफीचा कप आला होता आणि एलेना त्यांना मासे बांधून देत होती.

शाहिद उठले, गुडघे झटकले. निदाला म्हणाले, "आत जा. लावून बघ."

निदा फ्रिजवरून काहीतरी घेऊन आत गेली. दार बंद झालं. कडी सरकल्याचा आवाज आला. शाहिदनी दार ढकललं, मग भावासारखं खांद्याने ढकललं. दार हललं नाही. फोनवर पाओलोंनी टाळ्या वाजवल्या.

"बस झालं, यल्ला, चल उघड," शाहिद म्हणाले.

"आधी सही," आतून निदा म्हणाली. चक्क मराठीत.

दाराखालच्या फटीतून शाळेचा कागद बाहेर आला. मागून पेन घरंगळत आलं. शाहिदनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार, माझे दोन्ही हात फोन धरण्यात गुंतले होते. त्यांनी कागद त्याच दारावर, नव्याने बसवलेल्या स्क्रूंच्या शेजारी धरला आणि सही केली. सही वाकडी आली. मग खाली वाकून कागद आत सरकवला.

आत निदा ओरडली नाही, नाचलीही नाही.  मग बारीक रडण्याचा आवाज आला. माझेही डोळे भरले. शाहिदचा हात सवयीने दार ढकलायला पुढे झाला आणि मध्येच थांबला.

त्यांनी बोटांनी दारावर हळूच टकटक केलं. त्या दारावर त्यांना तसं करताना मी पहिल्यांदा पाहत होते.

"निदा," ते म्हणाले, "आत येऊ का?"