खिडकीशी धरलेली काच

डॉक्टर रोकियांचं संगणकाच्या पडद्याशी वाकडं होतं. मलेशियातल्या क्वाला तेरेंगानूच्या इस्पितळात स्कॅनर आला, तपासणीसाठी काचेवर घेतलेला मांसाचा तुकडा संगणकावर दिसू लागला, तरी बाई आपल्या जुन्या मायक्रोस्कोपपासून तसूभर हलल्या नाहीत. काच समोर असताना तिचा फोटो काय बघायचा, हातच्या काकणाला आरसा कशाला, असं त्या येईल त्याला सुनवायच्या. निदानात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, त्यामुळे लोक निमूट ऐकून घ्यायचे.

त्या सकाळी त्यांच्यापुढे इखवानच्या मांडीतल्या गाठीचा तुकडा होता. इखवान सेपाक ताक्रावचा खेळाडू, उलटी उडी घेऊन पायाने चेंडू जाळ्यापलीकडे हाणणारा पोरगा. गाठ भराभर वाढत होती. कर्करोग निघाला तर पाय मांडीपासून काढायचा, असं सर्जन शिवनेसन यांनी घरच्यांना सांगून ठेवलं होतं. रोकियांनी मोठं भिंग लावलं. वेड्यावाकड्या, भराभर दुभंगणाऱ्या पेशी आणि त्यांच्यात कच्चं हाड. कर्करोगच, त्या मनाशी म्हणाल्या, आणि तसं शिवनेसनना कळवलं.

शिवनेसन मात्र अडून बसले. काढलेला पाय परत लावता येत नाही, क्वालालंपूरच्या डॉक्टर हझवानीचंही मत घ्या म्हणाले. हझवानी रोकियांच्याच हाताखाली शिकलेली, अजून त्यांना चिकगू, म्हणजे बाई, म्हणणारी. काच तिकडे पाठवण्यात दिवस गेले असते. शेवटी नाक मुरडत बाईंनी ती स्कॅनरमध्ये घालू दिली आणि फोन कानाला लावून पडद्यासमोर बसल्या. हझवानी तिकडून चित्र हलवेल तसं इकडे हलणार होतं.

हझवानीने ते मोठं केलंच नाही. उलट इतकं लहान केलं की अख्खा तुकडा टपालाच्या तिकिटाएवढा झाला.

"अगं, पेशी दाखव की. तिकिटं काय गोळा करतेस?"

"थांबा ना, चिकगू. आधी काच खिडकीशी धरून अख्खा तुकडा नुसत्या डोळ्यांनी बघा, मग भिंगाखाली घाला, हे कोण सांगायचं? मी विसरले तेव्हा भर वर्गात उभं केलं होतंत मला."

रोकिया पडद्यावर वाकल्या. तुकड्याच्या मध्ये नुसता गोंधळ होता, पण कडेकडे जावं तसं हाड पक्कं होत गेलं होतं, आणि अगदी बाहेर त्याची नीट किनार बांधली गेली होती. कर्करोग अशी शिस्त पाळत नाही. मार बसलेला स्नायू बरा होताना अशी गाठ धरतो.

"मार लागलाय याला," त्या हळूच म्हणाल्या. "कर्करोग नाही हा."

शिवनेसनना लगेच निरोप गेला. त्यांनी विचारल्यावर इखवानने खालमानेने कबूल केलं. सरावात सोबत्याचा गुडघा मांडीत बसला होता. संघातून काढतील या भीतीने त्याने घरीही सांगितलं नव्हतं. पाय वाचला.

निरोप गेला तेव्हा हझवानी अजून फोनवर होती. तिने जरा चाचरतच विचारलं, काच खिडकीशी धरायची राहून गेली होती का?

रोकियांना झाकली मूठ तशीच ठेवता आली असती. मायक्रोस्कोपचं भिंग डोळ्याला जुळवून घेता येई, म्हणून आजवर निभावलं होतं.

"धरते की. रोज धरते," रोकिया म्हणाल्या. "खिडकीच्या उजेडाने डोळे दिपतात, नुसता गुलाबी धूर दिसतो गं. मोतीबिंदू असावा. दाखवला तर या खुर्चीवरून उठवतील, म्हणून दाखवला नाही. आज मी त्या पोराचा पाय घालवत होते."

"मोतीबिंदू काढला की दिसतं, चिकगू," हझवानी म्हणाली. "खुर्ची मी राखते. इथून बघेन तुमच्या काचा."

रोकियांनी फोन ठेवला. सर्वांदेखत पांढरा कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला आणि जिना उतरून त्या डोळ्यांच्या विभागातल्या रांगेत जाऊन बसल्या.